डेव्हनशरचं वय

सकाळी दहाला मी कपाटाचा खण ओढला, तर लॉर्ड नॉर्थ जागेवर नव्हता.

ग्राफ्टननंतर नॉर्थ, नॉर्थनंतर रॉकिंगहॅम, ही रांग माझ्या हातची होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघड म्हणून दाखवली असती. मी खण पुरता बाहेर काढला, कार्ड मागे पडलंय का बघितलं, टेबलाखाली वाकले, शिपायाला केरात बघायला लावलं. कुठेच नाही. सरांना सांगावं तर आधी माझीच खरडपट्टी निघणार, म्हणून तोंड मिटून बसले. दुपारी डबा खाऊन आले, पुन्हा खण ओढला, तर महाशय ग्राफ्टनच्या मागे मुकाट उभे. कार्डाच्या कोपऱ्यावर तेवढा अंगठ्याएवढा काळा डाग पडला होता.

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ही गोष्ट एकाहत्तर सालची, अमळनेरची. एका जिनिंगच्या आवारात, गोदामाच्या माडीवर आमच्या राज्यकर्ते कोशाची कचेरी होती. खाली कापसातून सरकी निघायची आणि वर आम्ही जगातले राजे, अध्यक्ष, पंतप्रधान निवडत बसायचो. रुईचे तंतू खिडकीतून आत यायचे, चहात पडायचे, संध्याकाळी घरी गेलं की आई आधी माझे केस झटकायची. माणसं म्हणाल तर चारच. मुख्य संपादक वाघुळदे सर, कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले. मी, वत्सला नेवे, इतिहासाची एम. ए. एक शिपाई. आणि चित्रं काढायला लोटन बिऱ्हाडे.

माझ्या वाट्याला इंग्लंडचे पंतप्रधान आले होते, वॉलपोलपासून हीथपर्यंत. एकेकाचं एकेक कार्ड. जन्म कधी, मृत्यू कधी, पद कधी घेतलं, कधी सोडलं, आणि उजवीकडे चित्रासाठी कोरा चौकोन. माझी सहा महिन्यांची उमेदवारी चालली होती. विभाग छापायला जाण्याआधी पुण्याचे एक प्राध्यापक तो तपासणार होते. पाचाच्या वर चुका निघाल्या तर मी घरी, हे सरांनी पहिल्याच दिवशी चष्मा पुसत सांगून टाकलं होतं. आणि घरी म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. धरणगावच्या काकांनी एक बिजवर हेरून ठेवला होता. दोन मुलांचा बाप, तेलाची घाणी. ते लोक फक्त माझी नोकरी सुटायची वाट बघत होते.

सरांचे दोन नियम. एक, कार्डावर काहीही बदल केला की खाली तांबड्या शाईनं आद्याक्षरं टाकायची. ती कोणाकोणाची चालतील याचं एक रजिस्टर होतं आणि त्यात दोनच नोंदी होत्या. ‘दि. वा.’ म्हणजे सर, ‘व. ने.’ म्हणजे मी. दुसरा नियम, कपाटात खोटं अक्षर घालायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. माझ्या आधीच्या माणसानं एकदा थट्टेत शिपायाच्या नावाचं कार्ड करून राजांमध्ये घातलं होतं. सरांनी त्याला त्याच दुपारी हिशेब चुकता करून घरी पाठवलं.

आता लोटन. पस्तिशीचा असेल. थिएटरचे बोर्ड रंगवायचा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची मोठाली चित्रं काढायचा. मॅट्रिक नापास. पण हातात अशी जादू की कोणाचंही अक्षर हुबेहूब उतरवायचा. एकदा त्यानं सरांची सही सरांच्याच डोळ्यांदेखत फळ्यावर काढून दाखवली. सर हसले, पण लगेच फडकं मागवून पुसायला लावली. मी त्याला तोंडानं अहो-जाहो करायचे आणि मनात अरे-तुरे. कचेरीत पाच कप होते आणि कान तुटलेला कप त्याचा होता, हे मला माहीत होतं. तो त्याचाच का, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही.

जुलैत तो एकदा ग्लॅडस्टनचं कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आला होता. म्हणाला, बाई, हा माणूस चारदा खुर्चीवर बसला, मग चेहरे चार काढू का? मी इतकी हसले की शिपाई डोकावून गेला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, पामर्स्टनचं कार्ड घेऊन, आणि एका आकड्यावर बोट ठेवून काहीतरी सांगू लागला. मी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही.

“तुम्ही चित्रं काढा, लोटनभाऊ,” मी म्हणाले. “सनावळ्या आम्ही बघतो.”

“बरं,” म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो माझ्या टेबलाशी फिरकला नाही. आणि ऑगस्टपासून माझी कार्डं फिरायला लागली.

नॉर्थनंतर पील गेला आणि आला. मग मेलबर्न. एके दिवशी मेलबर्नचं कार्ड मी खिडकीशी उजेडात धरलं, तर जन्मसालावर कागद पातळ झालेला. कोणीतरी ब्लेडनं आकडा खरवडून पुन्हा लिहिला होता, तोही माझ्याच अक्षरात, माझ्या सातच्या शेपटीसकट. १७७९. पुस्तक काढून बघितलं, १७७९ बरोबर होतं. मग खरवडलं कशाला? आधी तिथे काय होतं ते कळायला आता मार्ग नव्हता. आणि मीच चुकले असेन, हा विचार मी मनाला शिवूसुद्धा दिला नाही.

संशय एकदा शिरला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. लोटन नवाच्या आधी यायचा. सकाळचा उजेड चित्रांना चांगला, असं सांगायचा. मला वाटू लागलं, उजेडाचं निमित्त आहे, त्याला रिकामी कचेरी हवी असते. एकदा मुद्दाम लवकर गेले. माझं एक कार्ड डाव्या हातात धरून तो एका छोट्या वहीत काहीतरी टिपत होता. मला बघून वही मिटली आणि शर्टाच्या खिशात गेली. कार्ड त्यानं शांतपणे माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, चेहऱ्यासाठी लागलं होतं, बाई. चेहऱ्यासाठी कार्ड? चेहरे तर मुंबईच्या ग्रंथालयातून मागवलेल्या चित्रांच्या पुस्तकात होते. मी रात्रंदिवस जोडत बसले. हा माझ्या चुका गोळा करतोय. वहीत यादी करतोय. ऐन पुण्याला कार्डं जायच्या वेळी सरांपुढे ठेवील, नाहीतर त्याहून वाईट, आज बरोबर आकडे घालून मला गाफील ठेवील आणि शेवटच्या दिवशी दहा ठिकाणी चुकीचे घालील. माझं अक्षर त्याला येतंच. कोणाला कळणार? हसले होते ना मी त्याला, त्याचा सूड घेतोय.

मग मी सापळा लावला.

ड्यूक ऑफ डेव्हनशर. १७५६ साली पंतप्रधान, आठ महिनेही टिकला नाही, कोणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस. जन्म १७२०. मी त्याचं खरं कार्ड काढून पर्समध्ये घातलं आणि नवं कार्ड केलं, सगळं तसंच, फक्त जन्म १७१०. ते पंचवीस कार्डांच्या गठ्ठ्यात सरांकडे सहीला पाठवलं. तपासणारा म्हणून सही त्यांची लागायची. सर नेहमीप्रमाणे अडकित्ता बाजूला ठेवून, शिपायाशी बोलत बोलत, पंचवीसच्या पंचवीस कार्डांवर ‘दि. वा.’ टाकून मोकळे झाले. एकही वाचलं नाही. मला ते अपेक्षितच होतं. कार्ड खणात ठेवलं आणि त्यावर रुईचा एक तंतू अलगद टेकवला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मुंबईची पुस्तकं पार्सलनं परत गेली. सोमवारी खण उघडला. तंतू नव्हता. चौकोनात चेहरा आला होता. उजेडात धरलं, दहातल्या एकावर कागद पातळ झालेला. १७२०.

मी धावतच सरांच्या खोलीत गेले. सापडला, एवढंच डोक्यात होतं. उंबरठ्याला ठेचकाळले असते तरी कळलं नसतं. सरांना कार्ड दाखवलं, खरवडलेली जागा दाखवली, आद्याक्षरं नाहीत ते दाखवलं. आधी तिथे दहा होतं, हेही सांगितलं. सरांचा चेहरा लालबुंद झाला. सहीशिवाय बदल, तोही त्यांची सही पडलेल्या कार्डावर. त्यांनी लोटनला बोलावलं. तो हात पुसत आला आणि दारातच उभा राहिला. मी खुर्चीवर होते, पर्स मांडीवर.

सरांनी विचारलं, हे तू केलंस का. लोटन लगेच हो म्हणाला. मला वाटलं होतं, तो नाकारील. सरांनी खिशातली वही मागितली. त्यानं दिली. सर मोठ्यानं वाचू लागले: पिट, चोवीस. पील, सेहेचाळीस. मेलबर्न, पंचावन्न. पामर्स्टन, सत्तर.

“हे काय आहे?”

“वयं आहेत, सर. खुर्चीवर बसला त्या दिवशीचं वय. चेहरा मी त्या वयाचा काढतो.”

“तुला कोणी सांगितलं असं करायला?”

“कोणी नाही. पुस्तकात कोणाचं म्हातारपणाचं चित्र असतं, कोणाचं तरुणपणाचं. सगळे एका मापाचे दिसायला हवेत ना. म्हणून कार्डावरून वय काढतो, मग चेहरा चढवतो नाहीतर उतरवतो.”

“आणि हा आकडा का खरवडला?”

“डेव्हनशर सेहेचाळिसाचा नाही, सर. छत्तिसाचा आहे. त्याचा गळा बघा. आणि मुंबईच्या पुस्तकात चित्राखाली सतराशे वीस छापलं होतं.”

सरांनी पुस्तक मागितलं. शनिवारी परत गेलं, असं शिपायानं बाहेरूनच सांगितलं. कचेरीतल्या पुस्तकांत डेव्हनशरची नुसती कारकीर्द होती, जन्मसाल नव्हतं.

“मग बदलाखाली आद्याक्षरं का नाही टाकलीस?”

“मला कुठे दिलीत, सर?” लोटन म्हणाला.

तो उर्मटपणे नाही म्हणाला. त्यानं खरंच विचारलं. सरांनी कार्ड वर धरलं, खाली स्वतःची तांबडी सही बघितली, आणि माझ्याकडे वळले.

“नेवेबाई, बरोबर काय? दहा की वीस?”

खरं कार्ड माझ्या मांडीवर होतं, चेन लावलेल्या पर्समध्ये. वीस म्हटलं असतं तर खोटं कार्ड कपाटात कोणी घातलं, हा पुढचा प्रश्न होता. सापळा म्हणून घातलं, म्हटलं तर त्याच दुपारी घरी. चूक झाली, म्हटलं तर सरांनाही मान्य करावं लागणार की न वाचता सही केली, आणि ते त्यांनी मला कधी माफ केलं नसतं. धरणगावची तेलाची घाणी माझ्या डोळ्यांपुढे फिरली, अगदी बैलासकट.

“दहा, सर,” मी म्हणाले.

“नक्की?”

“दोनदा बघितलंय.”

लोटननं माझ्याकडे बघितलं. तो चिडला नाही. माझंसुद्धा वय काढत असावा, तसा बघत राहिला. मी पर्सची चेन घट्ट धरून खाली बघत होते.

सरांचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. ते म्हणाले, माझीही सही आहे यावर, तेव्हा दोन माणसांनी तपासलेला आकडा आहे हा, चेहऱ्यावरून सन ठरवायला आपण ज्योतिषी नाही. मग जरा मऊ झाले. झालं ते झालं, लोटन, माफीची चार ओळींची चिठ्ठी दे, आणि चित्राचं वय दहा वर्षांनी वाढव. मान थोडी सैल कर, डोळ्यांखाली दोन रेघा ओढ. अर्ध्या तासाचं काम.

“चिठ्ठी देतो, सर,” लोटन म्हणाला. “चित्राचं नाही जमणार.”

“का नाही जमणार?”

“तो मेलाच चव्वेचाळिसाव्या वर्षी. सेहेचाळिसाचा चेहरा मी आणू कुठून?”

सरांनी त्याला दोनदा सांगितलं, मग तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगितलं. तो मान खाली घालून उभा राहिला, पण हो म्हणाला नाही. अकराच्या सुमारास त्यानं कुंचले डालड्याच्या डब्यात भरले, कान तुटलेला कप विसळून पालथा घातला आणि जिना उतरला. त्यानं तोंडभर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं.

सरांनी वही माझ्याकडे दिली, फाइलला लावा म्हणून. दुपारी, शिपाई चहाला गेल्यावर, मी ती उघडली. शेवटच्या पानावर यादी होतीच. पण मी समजत होते तशी नव्हती. डावीकडे ‘बाईंचं’, उजवीकडे ‘खरं’, आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण, म्हणजे दुरुस्त झालं. डेव्हनशर सोडला तर नऊ ओळी. मेलबर्न होता, नॉर्थ होता, पील होता. पामर्स्टन सगळ्यात वर, तारीख जुलैची. मी पुस्तकं काढून एकेक ताडून बघितला. नऊच्या नऊ ठिकाणी माझं चुकलं होतं आणि त्याचं बरोबर होतं. यादी पूर्ण करून त्यानं ती कोणालाही दाखवली नव्हती. मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं, कारण आता ती वही माझ्या हातात होती.

सरांना उद्या सांगू, असं रोज ठरवायची. मग पुण्याहून पत्र आलं. प्राध्यापकांनी माझ्या विभागात दोनच चुका काढल्या होत्या. त्यांचं लक्ष कारकिर्दींच्या तारखांवर होतं, डेव्हनशरचं जन्मसाल त्यांच्याही नजरेतून सुटलं. सरांनी पेढे मागवले. मी कायम झाले. दोन आणि नऊ अकरा होतात, हे मी त्या दिवशी पेढा खाताना मोजलं होतं.

त्र्याहत्तर साली खंड निघाला. दुसरा चित्रकार मिळाला नव्हता, त्यामुळे डेव्हनशरचं चित्र होतं तसंच छापलं गेलं. भरलेला गळा, डोळ्यांखाली एक रेघ नाही, ऐन उमेदीतला माणूस, आणि खाली जन्म १७१०. ज्याला डोळे आहेत त्याला दिसावं. सतरा वर्षं कोणाला दिसलं नाही. मी मात्र खंड हातात घेतला की तो त्याच पानावर उघडायचा.

नव्वद साली दुसरी आवृत्ती काढली तेव्हा सर हयात नव्हते आणि त्यांच्या खुर्चीवर मी होते. लग्न केलं नाही, त्याचं दुःखही नाही. पर्समधलं खरं कार्ड मी एवढी वर्षं जपलं होतं, ते कपाटात जागेवर ठेवलं. दुरुस्तीच्या रजिस्टरमध्ये ओळ लिहिली: १७१० ऐवजी १७२०. शेवटचा रकाना होता, चूक कोणी दाखवली. मी तिथे बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, ‘व. ने.’ दुसरी आद्याक्षरं रजिस्टरमध्ये नोंदलेली नव्हती, असं मी स्वतःला समजावलं. नोंद करायचा अधिकार आता माझाच होता, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

त्याच हिवाळ्यात जळगावला ग्रंथप्रदर्शन होतं. आमच्या गाळ्यावर मी बसले होते. दुपारी गर्दी नव्हती. पांढऱ्या केसांचा, जाड चष्म्याचा एक माणूस आला, आमचा खंड उचलून त्यानं सरळ इंग्लंड काढलं. पान उलटायची पद्धत बघूनच मी ओळखलं. त्यानंही मला ओळखलं होतं. त्या खंडात त्यानं काढलेले पन्नासेक चेहरे आहेत आणि नाव एकाखालीही नाही.

“वीस केलंत,” लोटन म्हणाला.

“हो. या आवृत्तीत.”

“कोणी दाखवलं?”

सांगायचं होतं. देवाशपथ सांगते, ओठांवर आलं होतं. पण शेजारी आमचा नवा लेखनिक बसला होता, मला मोठ्या बाई मानणारा.

“मीच,” मी म्हणाले. “तपासताना सापडलं.”

त्यानं मान हलवली. मग डेव्हनशरच्या गळ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि खंड मिटला. हा टोमणा मारणार, की सगळं बोलून टाकणार, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते. इतक्या वर्षांनीही मी त्याच्यावर संशयच घेत होते.

“खाली सही केलीत ना, बाई?”

“केली.”

“मग झालं,” तो म्हणाला. खंड त्यानं चळतीवर कडेला कड जुळवून ठेवला आणि पुढच्या गाळ्याकडे गेला.